या दातातला किती भाग खरा?

शार्क माशाचे दात जबड्याच्या हाडात रुतलेले नसतात. शार्कला हाडे नसतातच, त्याचा सगळा सांगाडा कूर्चेचा. दात हिरडीच्या चिवट कातडीत एकामागे एक अशा ओळींत उभे असतात. पुढचा पडला की मागचा सरकून त्याची जागा घेतो, आणि हे काम जन्मभर थांबत नाही. एकेका माशाचे हजारो दात असे समुद्राच्या तळाशी जाऊन पडतात. मासा मेल्यावर कूर्चा कुजून जाते, दात मात्र गाळात टिकतात. ऑटोडस मेगालोडॉन हा महाकाय शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याआधी जवळपास दोन कोटी वर्षे तो जगभरच्या उबदार समुद्रांत वावरत होता. इतक्या काळात त्याने किती दात गाळले असतील याचा अंदाज केला, की जीवाश्मांच्या बाजारात हाताच्या पंजाएवढे दात इतक्या संख्येने का दिसतात ते उलगडते.

अस्सल माल असा भरपूर असल्यामुळे संपूर्ण दात खोटा बनवण्याची गरज विक्रेत्याला फारशी पडत नाही. रेझिनचे ओतीव दात बाजारात आहेत, पण ते ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. खरी अडचण अस्सल दाताला ‘सुधारून’ विकण्याची आहे. दात विकत घेणारा नवखा माणूस विचारतो, हा खरा की खोटा? त्या प्रश्नाला विक्रेता छातीठोकपणे ‘खरा’ म्हणू शकतो आणि तरीही समोरच्या वस्तूतला तिसरा हिस्सा गेल्या वर्षी कालवलेला एपॉक्सी असू शकतो. म्हणून विचारायचे ते वेगळे: यातला किती भाग खरा, जोड कुठे आहे, आणि तो कोणी सांगितला की लपवला?

किमतीचे गणित पाहिले तर ही सुधारणा का होते ते कळते. मेगालोडॉनचा दात तिरका मोजतात, टोकापासून मुळाच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत. तीन-चार इंचांचे दात सामान्य. पाच इंचांनंतर ते विरळ होऊ लागतात, सहा इंचांच्या पुढचा दात दुर्मीळ आणि सात इंचांचा तर मोजक्याच संग्रहांत असतो. किंमत मात्र इंचांच्या प्रमाणात वाढत नाही, ती उड्या मारत जाते. साडेपाच इंचांच्या दाताच्या मुळाचा कोपरा तुटला असेल आणि तिथे अर्ध्या इंचाची भर घातली, तर तोच दात सहा इंचांच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय मूळ हा दाताचा सगळ्यात सच्छिद्र आणि ठिसूळ भाग, त्यामुळे तो तुटलेला असतोच. गरज आणि मोह दोन्ही एकाच जागी येतात. दात हातात आला की आधी मुळाचे कोपरे पाहावेत ते यासाठी.

दुरुस्ती म्हटली की सगळे एकाच मापाने मोजले जाते, ते बरोबर नाही. नदीच्या तळाशी किंवा खाणीत दात दोन तुकड्यांत मिळाला आणि तेच दोन तुकडे पुन्हा चिकटवले, तर त्यात परके काही आलेले नाही. फक्त गोंदाची एक रेषा आली. हरवलेल्या भागाच्या जागी लुकण भरून, त्याला आकार देऊन रंगवले, तर तो पुनर्रचनेचा प्रकार झाला. दात अस्सल, पण सगळा नव्हे. तिसऱ्या प्रकारात एका दाताचे टोक आणि दुसऱ्याचे मूळ जोडून तिसराच दात तयार होतो. त्यातला प्रत्येक तुकडा अस्सल असतो, पण असा दात कोणत्याही प्राण्याच्या तोंडात कधी नव्हता. सगळ्यात फसवा प्रकार हाच, कारण कुठलाही तुकडा तपासला तरी तो परीक्षेत उत्तीर्ण होतो.

तपासणीला बसण्याआधी दाताची घडण नीट ठाऊक हवी. मेगालोडॉनच्या दाताचा वरचा त्रिकोणी भाग चकचकीत कवचाने मढलेला असतो. हे कवच फ्लुओरॅपेटाइट या खनिजाचे असते. शार्कच्या दातावर ते प्राणी जिवंत असतानाच असते, जीवाश्म होताना तयार झालेले नसते. कवचाखाली डेंटिन, आणि खाली खडबडीत, बारीक छिद्रांचे मूळ. कवच आणि मूळ यांच्या मधोमध दाताच्या आतल्या बाजूला एक गडद, पातळ पट्टा असतो. संग्राहक त्याला बूर्लेट म्हणतात. हा पट्टा फार पातळ असल्याने त्याचे पापुद्रे सहज उडतात, आणि तो शाबूत असला तर भाव वाढतो. म्हणूनच तो रंगवलेलाही बराच सापडतो. दोन्ही कडांना बारीक, एकसारखे करवती दाते असतात. पाण्यात घासून ते झिजलेले असतील तर काही कारागीर कानशीने नवे पाडतात.

कानशीचे काम दहापट भिंगाखाली लपत नाही. मूळचे दाते कवचाचेच बनलेले असतात, त्यांच्या माथ्यावर तीच चकाकी आणि तोच रंग असतो. नंतर पाडलेल्या खाचा कवच कापून खालच्या डेंटिनपर्यंत जातात, म्हणून त्या फिकट किंवा मातट दिसतात. त्यांच्यातले अंतरही कमीजास्त असते. एकाच खाचेत समांतर ओरखडे दिसले तर पोलादी हत्यार फिरल्याची खात्री समजावी.

याच भिंगाने उलट बाजूचीही काळजी घ्यायची असते, कारण काही खऱ्या खुणा नवख्याला दोष वाटतात. टोकाचा टवका उडालेला असेल तर तो बहुधा त्या माशाने स्वतः केलेला पराक्रम आहे. व्हेलच्या हाडावर दात आपटला की टोक असे तुटते. तुटलेल्या कडा मग झिजून गुळगुळीत होतात आणि त्यांच्यावर बाकीच्या दातासारखाच रंग चढतो. कवचावरचे उभे बारीक तडे, मुळातली रक्तवाहिन्यांची छिद्रे, शिंपल्यांनी कोरलेल्या खळग्या, समुद्रतळावरून आलेल्या दाताला चिकटलेली बार्नेकलची कवचे, हे सारे अस्सलपणाच्या बाजूने बोलते. ओतीव दातात तडे असतातही, पण ते रंगाने काढलेले किंवा साच्यातून उतरलेले असतात. नखाने त्यांची खोली लागत नाही. त्याच विक्रेत्याकडे अगदी तेच तडे असलेला दुसरा दात दिसला, तर पुढे काही तपासायला नको. रेझिनमध्ये हवेचे बारीक गोल बुडबुडेही राहतात, आणि कडेने कुठेतरी साच्याची शिवण दिसते.

वजनाची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात होते, आणि ती सर्वांत प्रामाणिक आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग दात दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवायचा; तळाला किंवा भांड्याच्या बाजूला तो टेकता कामा नये. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दाताचे आकारमान. कोरड्या दाताचे वजन २४० ग्रॅम असेल आणि बुडवल्यावर काटा ८६ दाखवत असेल, तर घनता सुमारे २.८ भरते. शुद्ध फ्लुओरॅपेटाइटची घनता ३.१ ते ३.२ असते, सच्छिद्र मुळामुळे जीवाश्म दाताची थोडी कमी येते. नुसत्या रेझिनची घनता जेमतेम १.१ ते १.३. दगडाची पूड मिसळून ती वाढवता येते, पण खऱ्या दाताइतकी नेणे सोपे नाही. मात्र मुळाचा एक कोपरा लुकणाचा असेल तर एकूण घनता फारशी हलत नाही. ही परीक्षा ओतीव दात पकडते, डागडुजी नाही. आणखी एक खबरदारी: मोरोक्कोकडून येणाऱ्या काही दातांचे जोड पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचे असतात. विक्रेत्याची परवानगी नसताना असा दात बुडवू नये.

डागडुजीसाठी अतिनील प्रकाशाचा दिवा कामाला येतो. अंधाऱ्या खोलीत साध्या ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चने दातावर प्रकाश टाकला, की पुष्कळ गोंद आणि रेझिन निळसर-पांढरे चमकतात. दिवसाउजेडी एकजीव वाटणाऱ्या मुळाच्या पोटातून एकदम एक निळी नदी वाहताना दिसते, तोच जोड. एकट्या या चमकेवर निकाल मात्र देऊ नये. काही जीवाश्म मुळातच चमकतात, आणि काही गोंद अजिबात चमकत नाहीत. चमक सगळीकडे सारखी असेल तर ती दाताची, आणि सरळ रेषेत किंवा तुटक ठिपक्यांत असेल तर हाताची, हा ढोबळ आडाखा बऱ्यापैकी खरा ठरतो. दिव्याकडे थेट पाहायचे नाही.

अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मुळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच फिरवला तर रंग आणि काही गोंद सुटून बोळ्यावर येतात. पण चांगल्या तंत्रज्ञांनी दात टिकवण्यासाठी दिलेला लेपही अ‍ॅसिटोनने निघतो, म्हणून हे काम एका ठिपक्यापुरतेच करावे. तापलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास घेण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो मानू नये. रेझिन असल्याचे कळेल, पण दाताला कायमचा व्रण पडेल आणि परत करण्याचा हक्कही जाईल.

मुळाकडे पुन्हा एकदा जायला हवे. लुकण खऱ्या मुळासारखे दिसावे म्हणून त्यात त्याच थरातली वाळू किंवा दुसऱ्या मुळाचा चुरा मिसळतात, आणि ओले असताना टोकदार हत्याराने छिद्रे पाडतात. नैसर्गिक छिद्रे वेगवेगळ्या मापांची असतात आणि आत वळत जातात. टोचलेली छिद्रे सरळ, उथळ आणि एकाच सुईच्या जाडीची. खऱ्या मुळात रंग आतपर्यंत मुरलेला असतो, भर घातलेल्या जागी तो वर बसतो आणि खऱ्या भागावरही थोडा पसरवलेला असतो, जोड दडवण्यासाठी. त्यामुळे जिथे कवचाच्या कडेवर रंगाचा पातळ ओघळ दिसेल, तिथेच जवळपास दुरुस्तीची सीमा असते.

दात कुठला म्हणून विकला जातोय आणि तो तिथला वाटतो का, हा पुरावाही तितकाच मोलाचा. दाताचा रंग त्याच्या वयाने ठरत नाही. तो ज्या गाळात पडला त्यातल्या खनिजांनी ठरतो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या कूपर नदीच्या काळ्या पाण्यात पाणबुडे दिव्याच्या उजेडात चाचपडत दात शोधतात. ते काळे, राखाडी असतात. फ्लोरिडातल्या बोन व्हॅलीच्या फॉस्फेट खाणींचे दात निळसर, पिवळे, तांबूस अशा रंगांसाठी प्रसिद्ध आहेत. पश्चिम जावातून मोठमोठे दात येतात, आणि जोडकाम केलेलेही तिथून बरेच येतात. आपल्याकडे शार्कचे जीवाश्म दात कच्छमध्ये मिळतात, आणि ओडिशातल्या बारीपदाच्या थरांतून मेगालोडॉनचीही नोंद आहे. सह्याद्रीत मिळालेला शार्कचा दात असे सांगून कोणी काही विकत असेल तर मात्र तिथेच थांबावे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थिजलेल्या लाव्हाच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. बेसॉल्टमधून समुद्री माशाचे दात निघत नाहीत. महाराष्ट्राचे स्वतःचे जीवाश्म वेगळे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे डायनोसॉर, गोदावरीच्या गाळातले हत्ती.

मोरोक्कोची गोष्ट वेगळी, कारण तिथे जीवाश्म हा हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा धंदा आहे. एर्फूद आणि ताऊझच्या परिसरातले कारागीर उन्हातान्हात, हाताने खणलेल्या बोगद्यांतून केमकेम थरांतले डायनोसॉरांचे दात काढतात. स्पायनोसॉरसचा दात शंकूच्या आकाराचा, उभ्या रेघांचा आणि करवती दात्यांशिवायचा. कार्कारोडोन्टोसॉरसचा चपटा, धारदार आणि कडेला सुरकुत्यांचा. ते बहुतेक वेळा तुकड्यांतच निघतात. जोडणे अपरिहार्य असते, आणि त्या हातांचे कसब खरोखर वाखाणण्याजोगे असते. खोडी तुकडे बदलण्यात आहे. शंकूच्या उभ्या रेघा जोडाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींना भेटतात का, दाताचा निमुळतेपणा अचानक बदलतो का, छेद गोलाचा एकदम लंबगोल होतो का, हे दात बोटांत सावकाश फिरवून पाहावे. दगडात बसवलेला दात दिसला तर त्या दगडाचीही झडती घ्यावी. दाताभोवतीची वाळू आणि बाकीचा दगड एकाच पोताचा असायला हवा. दाताला चिकटून एक मऊ, एकसारखा पट्टा असेल तर तो गोंदात कालवलेल्या वाळूचा असतो.

खुरीब्गाच्या फॉस्फेट खाणींमधून मोसासॉर या समुद्री सरड्यांचे दात निघतात. सुटे दात स्वस्त, दातांसह जबडा महाग. म्हणून सुटे दात जबड्याच्या तुकड्यात बसवून विकण्याची रीत तिथे जुनी आहे. या रीतीची छाया शास्त्रीय नियतकालिकांपर्यंत पोहोचली. तिथल्या सिदी शेन्नान खाणीतल्या एका जबड्यावरून २०२१ साली झेनोडेन्स कॅल्मिनेचारी ही नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे दात कात्रीच्या पात्यासारखे, एकमेकांना खेटून होते, तसे दुसऱ्या कुठल्याच मोसासॉरला नाहीत. २०२४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. मोसासॉरचा प्रत्येक दात आपापल्या खोबणीत वाढतो आणि ती खोबण दाताच्याच ऊतींमधून तयार होते. या जबड्यात दोन दात एकाच खोबणीत दिसत होते, आणि काही दातांच्या बाजूंवर भोवतालचा पदार्थ चढलेला होता. हा नमुना बनावट असण्याची शक्यता त्यांनी मांडली आणि सीटी स्कॅन करावा असे सुचवले. त्यांचा युक्तिवाद रसायनावर नव्हे, प्राण्याच्या शरीररचनेवर उभा होता. दात जसा वाढतो तसा तो बसलेला आहे का, हा प्रश्न भिंगाआधी विचारता येतो.

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये एका दंतवैद्याने फार आधी विचारला होता. १९१२ साली पिल्टडाउन इथल्या खडीतून आदिमानवाची कवटी व जबडा मिळाल्याची घोषणा झाली, आणि १९१३ मध्ये त्याच जागी एक सुळा सापडला. १९१६ मध्ये कोर्टनी लाइन या दंतवैद्याने त्याच्या क्ष-किरण चित्रांकडे बोट दाखवले. आतली मज्जापोकळी मोठी होती, जशी नुकत्याच उगवलेल्या दातात असते. पण वरची झीज म्हाताऱ्या दाताची होती. तरुण दात इतका झिजतो कसा? ती शंका बाजूला पडली. १९५३ साली जोसेफ वायनर, केनेथ ओकली आणि विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क यांनी सगळे उघडकीला आणले: जबडा ओरांगउटानचा, दाढा कानशीने घासलेल्या, आणि सुळ्यावर चित्रकार वापरतात तो तपकिरी रंग. कानस, रंग आणि जुळवाजुळव, आजच्या बाजारातली तिन्ही हत्यारे त्या एका नमुन्यात होती. सदतीस वर्षे फुकट गेली ती दाताकडे दात म्हणून न पाहिल्यामुळे.

विकत घेतलेल्या दाताने ज्ञानात खरी भर घातल्याचीही उदाहरणे आहेत. १९३५ साली राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात, ड्रॅगनची हाडे म्हणून कुटायला ठेवलेल्या जीवाश्मांत एक प्रचंड दाढ मिळाली. ती माकडवर्गातल्या एका अज्ञात महाकाय प्राण्याची होती. त्यांनी त्याला जायगँटोपिथेकस ब्लॅकी हे नाव दिले. दाढ अस्सल होती, पण ती कुठून आली ते दुकानदार सांगू शकत नव्हता. खुणा दातावरच होत्या: चीनच्या गुहांतल्या अशा दातांची मुळे बहुधा साळिंदरांनी कुरतडून टाकलेली असतात. प्रत्यक्ष गुहा आणि जबडे मात्र १९५०च्या दशकात ग्वांगशी प्रांतात सापडले, तेव्हा कुठे त्या प्राण्याचे वय आणि त्याचा परिसर यांवर नीट बोलता येऊ लागले. मधली वीस वर्षे एक नोंद नसल्याची किंमत होती.

म्हणून दाताबरोबर कागद मागावा. नदीचे किंवा खाणीचे नाव, थर, सापडल्याचे साल आणि काय दुरुस्ती झाली ते. साउथ कॅरोलायनाच्या सार्वजनिक पाण्यात दात शोधणाऱ्या हौशी पाणबुड्यांना परवाना घ्यावा लागतो आणि काय मिळाले त्याचा अहवाल द्यावा लागतो. तिथला विक्रेता नदीचे नाव सांगायला कचरत असेल तर कारण विचारायला हरकत नाही. संग्रहालयातले तंत्रज्ञ जोड लावतात तो पॅरालॉइड बी-७२ सारख्या, पुढे अ‍ॅसिटोनने सोडवता येणाऱ्या गोंदाने. भर घातलेला भाग ते मुद्दाम किंचित वेगळ्या छटेत ठेवतात, हातभर अंतरावरून दात अखंड दिसावा आणि जवळून भर ओळखू यावी म्हणून. घरी आणलेल्या दाताची दुरुस्ती उघडकीला आली तर तो कपाटात मागे ढकलू नये. जोडाची जागा, भर घातलेल्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि अतिनील प्रकाशातले छायाचित्र चिठ्ठीवर नोंदवावे. मूळ लांबी आणि भरीसकट लांबी असे दोन आकडे लिहावेत. पुढे तो दात विकला किंवा कुणाला दिला, तर ती चिठ्ठी त्याच्याबरोबर जायला हवी.